सुगंधीचं लग्न

नेल्लिगुड्डे,
१९ जुलै २००१

दिवाकर यांना नमस्कार.

मस्कतहून सुखरूप पोहोचले. आल्यापासून नुसतं जेवणं आणि झोपणं चाललंय, म्हणून पत्राला उशीर झाला. आधी तुमच्या आईंकडे राहिले. त्यांचा गुडघा आता बरा आहे. "लग्नानंतरच्या पहिल्या आटी महिन्यात माहेरी जायचं राहिलं तुझं, यंदा तरी महिनाभर राहा," असं म्हणून त्यांनीच मला इकडे पाठवलं. निघताना माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "अजून काही नाही?" मी म्हटलं, "अजून नाही." तुमच्यासाठी फणसाचे पापड बांधून ठेवलेत त्यांनी.

इथे आटीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतंय. अप्पांचा खोकला तसाच. अम्मा एक दिवस टाकळ्याच्या पानांचे वडे करते, दुसऱ्या दिवशी अळू. तुम्ही बांगड्याचं कालवण करून सगळ्यांना वाढत असाल. कंपनीतली माणसं चिडवतात ते मनावर घेऊ नका. तुमच्या हाताला चव आहे, त्यांच्या नाही.

सुगंधीच्या घरी जाऊन आले. सुगंधी तुम्हाला आठवत असेल. आपल्या लग्नात माझ्या केसांत फुलं माळत होती ती. तिची वेणी बघून तुमच्या बहिणीने विचारलं होतं, "खरी आहे का हो?" तिचा धाकटा भाऊ तारानाथ मांडवाच्या कोपऱ्यात कान झाकून बसला होता. तुम्ही म्हणाला होतात, "हा कोण, बाईमाणसासारखा?"

सुगंधीला जाऊन आता वर्ष होईल. शेतातल्या पाण्यातून येतो तो ताप. मला मस्कतला कळलं ते तेरावं उरकल्यावर. तिच्या आईने, वारिजक्कांनी, आधी कळवू दिलं नाही. त्याचा राग माझ्या मनात होता, अजून आहे. तरी गेले.

पोफळीच्या बागेतून साकव ओलांडून त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला पोहोचले आणि पाय थांबले. पडवीतून सुगंधी कोंबड्यांना हाका मारत होती. "बा, बा, बा... कुठे उलथलात गं मेल्यांनो?" अगदी तिचाच आवाज. हाकेच्या शेवटी थोडा चिरकायचा, तसाच चिरकला. कोंबड्या धावत गेल्या. त्यांचा म्हातारा कुत्रा उठून शेपूट हलवत पडवीच्या तोंडाशी उभा राहिला. मी एका पोफळीला धरून उभी होते. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

मग दिसलं. तारानाथ मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसला होता. तोंड त्याचं हलत होतं आणि आवाज तिचा येत होता.

तो लहानपणापासून असाच बोलतो. सातव्या वर्षापर्यंत मुकाच होता. मग एकदम अख्खी वाक्यं बोलायला लागला, पण दुसऱ्यांची, त्यांच्याच आवाजात. बसचा कंडक्टर, रेडिओवरची बातम्या सांगणारी बाई, देवळातला भट. मंगळूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला ऑटिझम म्हणतात, हा मुलगा ऐकलेलं साठवतो आणि स्वतःला काही सांगायचं असलं की त्या साठ्यातलं काढतो. लहानपणी सुगंधीच्या पायात काटा मोडला होता तेव्हा ती ओरडली होती, "हळू, काटा आत आहे!" तेव्हापासून तारानाथला काहीही दुखलं, पोट दुखलं तरी, तो हेच म्हणतो. घरातल्यांना बरोबर कळतं.

पण सुगंधी गेल्यापासून बाकीचे सगळे आवाज बंद झालेत. कंडक्टर नाही, रेडिओ नाही. फक्त ती.

गाव म्हणतं, ती त्याच्या अंगात बसलीय. म्हणायला कारणं तरी किती! त्याचे केस खांद्यापर्यंत आलेत, कारण कानाजवळ कात्री आलेली त्याला सोसत नाही. तिची जुनी मऊ साडी पांघरतो, कारण नवं कापड टोचतं. काम बायकांचं करतो, विड्या वळण्याचं. त्याच्यासारखी एकसारखी विडी गावात कुणाला वळता येत नाही. बावीस वर्षांचा झाला, पण मुलींकडे मान वर करून बघत नाही. ताडीच्या दुकानातली पोरं भुताबिताचं नाव घेत नाहीत, ती दुसरंच म्हणतात. तो शब्द मी लिहीत नाही. त्याचे संजीव मामा आता इथेच राहायला आलेत. त्यांच्या मते दोन्ही एकच. ती अंगातून गेली की हा पुरुषासारखा वागेल.

म्हणून तिचं लग्न ठरवलंय, लग्नाआधी गेलेल्यांचं आपल्याकडे लावतात तसं. लागलं की ती सासरी निघून जाईल. या रविवारी नाही, पुढच्या. मुलगा घाटाच्या पायथ्याचा, चार वर्षांचा असताना विहिरीत पडून गेलेला. तिकडेही वय वाढतंच की, आता लग्नाचा झालाय. नवरीची मैत्रीण म्हणून मी पाठीशी बसावं असं मामा म्हणाले. मी हो म्हटलं.

तब्येतीला जपा. एसी लावलात तर कमी ठेवून झोपा.

तुमची,
हरिणाक्षी


नेल्लिगुड्डे,
२६ जुलै २००१

दिवाकर यांना नमस्कार.

शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा नीट बोलता आलं नाही. दुकानात माणसं होती आणि सगळे तांदूळ घ्यायचं विसरून माझ्याकडेच बघत होते. परत कधी येतेस म्हणून विचारलंत, मी पावसाचं सांगितलं. पाऊस आहेच. पण तेवढंच नाही.

मी रोज दुपारी वारिजक्कांकडे जाते. त्या माझ्याशी फारसं बोलत नाहीत, मीही नाही. पानं कापून देते, तारानाथ वळतो. त्याच्या तोंडून ती दिवसभर बोलत असते. "दूध उतू गेलं बघ." "छत्री घेऊन जा." "अम्मा, माझा कंगवा कुठाय?" कंगव्याचं ऐकलं की वारिजक्का खरंच उठतात, फळीपर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. काल मला म्हणाल्या, "या लग्नाला माझं मन नाही गं. लागलं तर हा आवाज जाईल. लेक गेली तेव्हा गेली. आता आवाजही घालवू?"

मामांना त्यांनी सांगून पाहिलं. मी तिथेच होते. मामा म्हणाले, "वारिजा, तुझ्या माघारी याला कोण बघणार? माझ्या डोळ्यांदेखत याला माणसात आणतो. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"कुणाला तोंड दाखवायचंय तुला?" वारिजक्का म्हणाल्या. "कोलाच्या दिवशी दैव अंगात घेऊन, छाती लावून, पैंजण घालून नाचतो त्या माणसाच्या पाया पडतोस. आणि माझ्या लेकराने बहिणीची साडी पांघरली तर तुझं नाक कापलं?"

"ते दैवाचं आहे."

"हेही दैवाचंच आहे."

मामा वाईट नाहीत. अप्पा सांगतात, तारानाथला लहानपणी खांद्यावर बसवून डॉक्टरकडे नेणारे तेच. पण परवा त्यांनी न्हाव्याला घरी आणलं. लग्नाआधी केस उतरवले की तिची पकड सुटेल, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. दोघांनी तारानाथला धरलं. एका बाजूचे केस उतरले आणि तो किंचाळला. तिच्या आवाजात. "हळू! काटा आत आहे! हळू!" न्हावी सुगंधीच्या शाळेत होता, तिला ओळखत होता. त्याच्या हातातली कात्री गळून पडली. पैसे न घेता, चप्पल न घालता तो साकवावरून पळाला. चपला अजून पडवीत आहेत. तारानाथ अर्धे केस कापलेला तसाच आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला विचारलं. मला फार दिवसांपासून विचारायचं होतं. म्हटलं, "तारू, तुला मुलगे आवडतात का? आवडत असले तर मला सांग. मी कुणाला बोलणार नाही."

हातातली विडी बांधून झाल्यावर त्याने उत्तर दिलं. स्वतःच्या आवाजात. तो आवाज फार कमी निघतो. सपाट आहे, एकेक शब्द पाटीवरून वाचल्यासारखा.

"कुठले मुलगे?"

"कुठलेही. लग्न करावंसं वाटेल असे."

"मुलगे जोरात बोलतात. मला जयंती आवडते."

"कोण जयंती?"

"डेपोतली. विड्या घेते. हळू बोलते. हात लावत नाही."

"तिला माहीत आहे?"

"नाही. तिने विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. तू आत्ता विचारलंस."

मला हसू आलं. मग घरी येताना साकवावर रडू आलं. गाव त्याला काय समजतं ते माहीत होतं, पण मीही तेच समजत होते. फरक एवढाच की मी ते प्रेमाने समजत होते. आणि ते खरं नाही म्हटल्यावर मला एकटं वाटलं. एकटं का वाटावं, ते पुढे कधी तरी लिहीन.

आज एक झालं. मी पानं कापत होते, खाली मान होती. मागून हाक आली, "हर्णी." सुगंधीची हाक. कात्री बोटाला लागली. हे नाव तुम्ही ऐकलेलं नाही. माझ्या आईनेही ऐकलेलं नाही. ते नाव एकाच माणसाच्या तोंडचं होतं आणि चारचौघांत कधी घेतलेलं नव्हतं.

मी तारानाथकडे बघितलं. तो सुपाकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघी त्या पडवीत वर्षानुवर्षं बोलत बसायचो, तेव्हा तो तिथेच असायचा. कायम. त्याच्या आत अजून काय काय आहे कोण जाणे.

मला ते ऐकायचंही आहे आणि भीतीही वाटते. हे वाचून तुम्ही गोंधळाल. रविवारी लग्न आहे. ते होऊ दे, मग सविस्तर लिहिते.

तुमची,
हरिणाक्षी


नेल्लिगुड्डे,
३१ जुलै २००१

दिवाकर,

हे पत्र पोहोचायच्या आधी कुणी तरी तुम्हाला फोन केलेला असेल. केला असला तरी हे पूर्ण वाचा. जे झालं ते माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहिते.

रविवारी सकाळी अंगणात ताडपत्रीखाली मांडव होता. दोन पाट. एका पाटावर नवऱ्याचं नेसायचं मुंडू आणि शर्ट, दुसऱ्यावर सुगंधीची हिरवी साडी, बांगड्या, फुलं. नवऱ्याची आई, कमलक्का, साधी बाई आहे. शर्टाची घडी माझ्या हातात देताना तिने विचारलं, "त्याच्या बापाच्या मापाचा घेतलाय गं. खांदे एवढे झाले असतील ना त्याचे?" मी म्हटलं, "झाले असतील." तिने समाधानाने मान हलवली. चार वर्षांच्या पोराचा शर्ट घ्यायला बाजारात गेली असेल तेव्हा दुकानदाराला काय सांगितलं असेल तिने?

सगळं खऱ्या लग्नासारखं चाललं होतं, फक्त वाजंत्री हळू होती आणि कुणी हसत नव्हतं. मी साडीच्या मागे बसले होते. साडीचा पदर सारखा सरकत होता, मी तो नीट करत होते. एकदा वाटलं, पदराला वजन आहे. वारा नव्हता, दिवाकर. मी हात काढून घेतला.

तारानाथला टोचणारा नवा शर्ट घालून खांबाशी बसवलं होतं. अर्धे केस कापलेले, कान झाकलेले. नवऱ्याकडच्या माणसाने काळे मणी उचलले आणि त्या रिकाम्या जागेवर धरले. तेव्हा तारानाथने कानांवरचे हात काढले.

"नको," सुगंधी म्हणाली. "मला नाही करायचं लग्न. माझं झालंय."

वाजंत्री थांबली. कमलक्काने डोळे मिटून हात जोडले. संजीव मामाही हात जोडून पुढे गेले. "बाई, सांग. काय अडलंय तुझं? कुणाशी झालंय?"

"माझं झालंय. मला नाही करायचं लग्न."

मागे पोरं उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "मामा, तिला कशाला विचारता? त्यालाच विचारा, कोण तो गडी!" आणि हशा पिकला. इतका वेळ घाबरून बसलेली माणसंसुद्धा हसली.

मामांचं तोंड बदललं. जोडलेले हात सुटले. त्यांनी तारानाथच्या उरलेल्या केसांना धरून त्याला उभं केलं. "कोण तो? नाव घे! कुठल्या पुरुषाशी लग्न लावून बसलायस?" आणि थोबाडीत मारली.

तारानाथने तोंड उघडलं आणि माझा आवाज आला.

"हळू बोल ना. कुणी ऐकेल."

मी ओठ हलवले नव्हते. मी तिथे साडीच्या मागे बसले होते आणि माझा आवाज समोरून, मार खाणाऱ्या माणसाच्या तोंडून आला. घाबरलेला, दबका. माझी आई होती तिथे. तिने झटकन माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या कुणी ओळखला नाही.

मामांनी पुन्हा मारलं. मग पुन्हा सुगंधी बोलली, हसत. ती हसत बोलायची तशी.

"तारूच तर आहे. दुसरं कुणी नाही."

आता सांगते. आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या दोन्ही हातांना मेंदी होती. सुगंधी त्यांच्या पडवीत मला भात भरवत होती. मी तिला म्हटलं, आता तूही लग्न कर. ती म्हणाली, मला नाही करायचं लग्न, माझं झालंय. आणि माझ्या मनगटावर, जिथे मेंदी नव्हती तिथे, ओठ टेकवले. मी म्हटलं, हळू बोल ना, कुणी ऐकेल. ती म्हणाली, तारूच तर आहे, दुसरं कुणी नाही.

तिसरी थप्पड उगारलेली होती. मी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मामा त्याला मारून दमले असते, मग कुठल्या तरी मांत्रिकाकडे बांधून टाकून आले असते. तशी बोलणी झालीच होती, मला वारिजक्कांनी सांगितलं होतं. मी उठले. पदर पाटावरून माझ्या पायाशी आला होता, तो बाजूला केला.

म्हटलं, "मामा, हात खाली करा. ते बोलणं सुगंधीचं आहे आणि ते तिने मला म्हटलं होतं. तिचं लग्न माझ्याशी झालं होतं."

ताडपत्रीवरचं पाणी तेवढं वाजत होतं.

"शुद्धीवर आहेस ना?" मामा म्हणाले. "दिवाकरची बायको आहेस तू."

"आहे. शुद्धीवरही आहे. यात तारानाथचा काही संबंध नाही. तो फक्त तिथे बसलेला होता."

"म्हणजे दोन बाया?" मागून कुणी तरी म्हटलं. त्याला हसायला साथ मिळाली नाही.

तेव्हा तारानाथ बोलला. स्वतःच्या आवाजात, पाटी वाचल्यासारखा. गाल सुजलेला होता. "मामा चुकला. मी सुगंधी नाही. सुगंधी मेली. मी तारानाथ. दोन माणसं आहेत." मग त्याने तो नवा शर्ट काढून खांबाला टांगला आणि आत गेला.

अप्पा उठले आणि छत्री न घेता भर पावसात घरी गेले. माणसं एकेक करून पांगली. कमलक्काने शर्टाची घडी घातली, मुंडूची घातली. मला वाटलं, ती शिव्या घालेल. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्हणजे ही आधीच दिलेली आहे. आधी सांगितलं असतं कुणी तर आलोच नसतो. माझ्या चंद्रहासला दुसरं घर बघते." जाता जाता वळून म्हणाली, "साडी तूच उचल गं. पाटावर तशी ठेवू नये."

मी उचलली.

त्या रात्री मी वारिजक्कांकडेच राहिले, कारण आमच्या घराचं दार अप्पांनी लावून घेतलं होतं. सकाळी मामा सामान बांधून निघून गेले. पायरीवर उभे राहून तारानाथला म्हणाले, "फार लागलं का रे?" तो म्हणाला, "काटा आत आहे." मामांनी डोळे पुसले, पण थांबले नाहीत.

मग कोंबड्यांना हाक आली, तिच्याच आवाजात. लग्न लागलं काय, मोडलं काय. वारिजक्का चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

दुपारी मी तारानाथला विचारलं, "तारू, शेवटी तू तिच्याजवळ होतास ना? ती काय म्हणाली?" विचारू नये असं सारखं वाटत होतं, तरी विचारलं. तो पानं दुमडत राहिला. मग त्याचा श्वास बदलला. आत ओढलेला, घरघरणारा, मध्येच अडणारा. तो त्याचा श्वास नव्हता. कुत्रा उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्या श्वासांच्या मधून ती म्हणाली, "हर्णीला कळवू नका. ती येईल. तिचा संसार मोडेल." मग "पाणी." मग नुसता श्वास. तो थांबायच्या आत मी तारानाथचा हात धरायला गेले, पण त्याला हात लावलेला चालत नाही. म्हणून सुपाची कड धरून बसले.

आतून वारिजक्का म्हणाल्या, "तिने मला शपथ घातली होती, म्हणून कळवलं नाही. का ते मी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही मला."

एवढंच बोललो आम्ही. पण संध्याकाळी त्यांनी माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी मांडलं.

आज सकाळी जयंती विड्या घ्यायला आली. सगळ्या गावाला कळलंय तसं तिलाही कळलं असणार. तारानाथचे अर्धवट केस बघून तिने हळू विचारलं, "दुसरी बाजू मी कापू?" तो म्हणाला, "नको." ती म्हणाली, "बरं." आणि विड्यांचे कट्टे उचलून गेली. ती साकव ओलांडून गेल्यावर तो सुपाकडे बघत हळूच म्हणाला, "बरं." जयंतीच्या आवाजात. वर्षभरात पहिल्यांदा जिवंत माणसाचा आवाज त्याच्या तोंडून आला. माझा आला होता तो सोडून. आणि माझा त्या दिवशीचा आवाज जिवंत माणसाचा होता असं मला म्हणवत नाही.

आता तुमच्याशी बोलायचं ते.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात तुम्ही मला विचारलं होतं, "माझ्यात काही कमी आहे का?" मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं होतं, एसीची थंडी सोसत नाही. त्या दिवसापासून तुम्ही एसी लावला नाहीत. मस्कतच्या उन्हाळ्यात. घामाने भिजून झोपायचात. मी ते बघायचे आणि बोलायचे नाही.

तुमच्यात काही कमी नाही. कंपनीतल्या माणसांनी स्वयंपाक करण्यावरून, हळू बोलण्यावरून तुम्हाला जे ऐकवलं आणि तुम्ही मनात ठेवलंत, ते काढून टाका. माझ्या गप्प राहण्यातूनही तुम्ही तोच अर्थ काढला असेल. तो अर्थ चुकीचा होता. तुमच्या जागी दुसरा कुठलाही पुरुष असता तरी मी भिंतीकडेच तोंड केलं असतं. मला माहीत होतं हे. तुम्हाला माहीत नव्हतं.

मी मस्कतला परत येणार नाही. तुमच्या आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी वाईट होते असं सांगितलंत तरी चालेल. कागद पाठवलेत तर सही करून देईन. इथे वारिजक्कांच्या पडवीत बसून विड्या वळायला शिकतेय. माझ्या वाकड्या होतात, तारानाथ त्या बाजूला काढतो आणि परत वळतो. अप्पा अजून बोलत नाहीत. अम्मा काल साकवापर्यंत आली होती, केळीच्या पानात वडे बांधून दिले आणि परत फिरली.

भीती वाटते. गावाची वाटते, आणि दिवस मावळायच्या वेळी तिची हाक आली की अजूनही मान वळते, तेव्हाही वाटते. पण मस्कतच्या त्या खोलीत, कुणीही हाक मारत नसताना वाटायची, तशी वाटत नाही.

शुक्रवारी दुकानात फोन करू नका. लिहावंसं वाटलं तर वारिजक्कांच्या पत्त्यावर लिहा. नाही लिहिलंत तरी मी राग धरणार नाही. आज गरम होत असेल तिकडे. एसी लावून झोपा.

"तुमची" लिहायची सवय आहे. हात तिकडेच जात होता, थांबवला.

हरिणाक्षी